आधी किती, मग केवढी वेगवान

रॅम घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. ६०००ची आहे का, ७२००ची मिळेल का? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपलं काम किती रॅम खातं, हा पहिला. ती किती स्टिकमध्ये घ्यायची, हा दुसरा. त्यांची उत्तरं मिळाली की वेगाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

हे मत आमच्याच घरात रंगलेल्या वादातून तयार झालं. माझा धाकटा भाऊ पुण्यात संगणक जोडून आणि दुरुस्त करून देतो. माझी मुलगी माहितीपटांचं संकलन करते आणि तिला स्वतःसाठी नवा डेस्कटॉप जोडायचा होता. प्रोसेसर ठरलेला होता, एएमडीच्या रायझन ९००० मालिकेतला. म्हणजे बोर्ड एएम५ सॉकेटचा आणि रॅम डीडीआर५च. या बोर्डांवर डीडीआर४ चालत नाही. पिना दोन्हींना २८८च असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

भाची : मामा, मी ७२००ची घेतेय. १६-१६ जीबीच्या दोन स्टिक.

मामा : आत्ताच्या पीसीत किती आहे?

भाची : १६. पण ती डीडीआर४, तीही २६६६ची. म्हणून तर टाइमलाइन अडखळते.

मामा : वेगामुळे अडखळते हे कशावरून?

भाची : जुनी आहे ना ती!

मामा : हे झालं तुझं अनुमान. मोजलंस का? नेहमीचं काम उघड. संकलनाचा तुझा रेझॉल्व्ह चालू कर, जड टाइमलाइन लाव, ब्राउझरही रोजच्यासारखा उघडा ठेव. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी बघ.

तिने लगेच लॅपटॉप बाजूला सारून जुना पीसी चालू केला. पडद्यावर 'इन यूज' १४.३ जीबी दिसत होतं आणि त्याखाली 'कमिटेड' २७.६/३१.९. ती वरचाच आकडा वाचून म्हणाली, बघ, १६मध्ये बसतंय की. भावाने बोट खालच्या आकड्यावर ठेवलं.

मामा : कमिटेड म्हणजे विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली जागा. ती सगळी एकाच क्षणी वापरात असते असं नाही. पण तुझ्याकडे रॅम आहे १६ आणि कबुली गेलीय २७च्या पुढे. वरचं सगळं डिस्कवरच्या पेजफाइलच्या भरवशावर चाललंय. आता टाइमलाइन ओढ आणि डिस्कचा आलेख बघ, कसा चढतो ते.

भाची : चढला खरा. पण शेजारी 'कॅश्ड'पण मोठा आहे, तोही रॅमच खातोय ना?

मामा : त्याची चिंता करू नकोस. मोकळी रॅम विंडोज फाइली हाताशी ठेवायला वापरते आणि कोणी मागितली की लगेच सोडते. डिस्कवर जावं लागणं हे खरं दुखणं. रॅमपर्यंत जाऊन यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीलाही दहा हजारांच्या पटीत लागतात. ही दरी तुझी ७२००ची रॅम बुजवणार आहे का?

भाची : नाही. पण मग ३२ घेतली की प्रश्न मिटला. रेझॉल्व्ह बनवणारी ब्लॅकमॅजिकच त्यासाठी १६ आणि फ्यूजन वापरत असाल तर ३२ सुचवतं.

मामा : तू फ्यूजन वापरतेस?

भाची : शीर्षकं, नकाशे, सगळं त्यातच करते.

मामा : मग ३२ ही तुझी गरज झाली. वर काही शिल्लक हवी की नको, ते बोलूया.

या ठिकाणी मी दोघांना थांबवून भावाला विचारलं, की गिऱ्हाइकांना तू हे मोजायला सांगतोस का? तो म्हणाला, सांगतो, पण लोकांना आकडा हवा असतो, उत्तर नको असतं. मला हे पटलं. ज्याचं काम बँकेची साइट, पत्रं आणि यूट्यूब एवढंच आहे त्याला १६ जीबी आज पुरते, आणि त्याला ६४ विकणं गैर आहे. जो चाळीस थरांची फाइल फोटोशॉपमध्ये उघडतो, किंवा एकाच मशिनवर दोन-तीन व्हर्च्युअल मशिन चालवतो, त्याला ३२सुद्धा अपुरी पडेल. हे दुकानाच्या फलकावर कळत नाही, स्वतःच्या पडद्यावर कळतं.

मामा : आता माझा सल्ला ऐक. बोर्डवर चार स्लॉट आहेत. आज १६-१६च्या दोन टाक. वर्षाने पैसे आले की तशाच आणखी दोन. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय.

भाची : डीडीआर४ला ते ठीक होतं, मामा. इथे चालणार नाही. एएमडीचं स्वतःचं कोष्टक बघ. रायझन ९०००ला दोन स्टिकवर ५६००ची हमी आहे. चार लावल्या की ३६००.

मामा : हमी ३६००ची. प्रत्यक्षात त्याहून जास्त चालतात.

भाची : कोणाकडे चालतात, कोणाकडे नाही. आणि चालल्या तरी सुरू व्हायला वेळ घेतात, एखाद्या दिवशी अचानक रिस्टार्ट होतात. हिशोब कर. ६०००वर दोन स्टिक मिळून सेकंदाला ९६ जीबी देतात. ३६००वर ५७.६. डीडीआर४ची ३२००ची जोडी ५१.२ देते. म्हणजे डीडीआर५चे पैसे मोजून मी जवळपास डीडीआर४पाशीच येऊन बसायचं?

मामा : असं का होतं, माहीत आहे?

भाची : तू सांग.

मामा : प्रोसेसरपासून निघालेली तार एका चॅनेलच्या दोन्ही स्लॉटमधून पुढे जाते. बहुतेक बोर्डांवर लांबचा स्लॉट तारेच्या टोकाला असतो. म्हणून दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. टोकाला स्टिक असली की संदेश तिथे संपतो. पहिल्या स्लॉटमध्ये लावून टोक मोकळं ठेवलं की तिथून तो परावर्तित होऊन मागे येतो. आणि चारही भरले की प्रोसेसरमधल्या कंट्रोलरवर दुप्पट भार. वेग वाढला तशी या चुकांना जागाच उरली नाही. हे तू मला पटवलंस. पुढच्या वेळी मीही 'नंतर दोन' म्हणणार नाही.

भाची : आणखी एक. तू म्हणतोस तशाच दोन मिळतील, पण मिळत नाहीत. मॉडेल क्रमांक तोच राहतो आणि आतल्या चिप बदलतात. काही कंपन्या लेबलवर आवृत्तीचा क्रमांक छापतात, तो बघितला तरच कळतं.

मामा : ते मात्र मी रोज बघतो. पण पैशांचं काय? रॅम नेहमी स्वस्त होत जाते. आज निम्मी घेऊन उद्या निम्म्या पैशांत उरलेली, हाच शहाणपणा होता.

भाची : होता. २०२५च्या उत्तरार्धात काय झालं ते तुझ्या बिलबुकातच असेल.

मामा : आहे. काही महिन्यांत तीच किट दुपटीच्या वर गेली. गिऱ्हाइकाला सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी देता येईना.

या भाववाढीची कारणं थोडी उलगडून सांगायला हवीत, कारण रॅम घेण्याचा सगळा जुना हिशोब त्यांनीच मोडला. जगातली बहुतांश डीरॅम तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी एचबीएम ही मेमरीही त्यांच्याच कारखान्यांतून येते, आणि तेवढ्याच बिटांसाठी एचबीएमला डीडीआर५च्या जवळपास तिप्पट वेफर लागतं, असं मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. ज्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे मिळतात त्याच्याकडे माल वळतो. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. त्याच सुमारास जुन्या डीडीआर४चं उत्पादन आवरतं घेतलं जात होतं, त्यामुळे तिचेही भाव चढले. घरी पीसी जोडणाऱ्याला त्या कारखान्यांपुढे काही करता येत नाही. पण 'नंतर स्वस्तात टाकू' या भरवशावर आजची खरेदी बेतणं त्याने सोडावं, असं मला ठामपणे वाटतं.

भाची : म्हणून म्हणते, दोनच स्टिक, पण एकदाच पुरेशा.

मामा : मग ३२च्या दोन? ६४?

भाची : बजेट बसत नाही. मध्ये २४च्या दोन आहेत, एकूण ४८.

मामा : लोकांना वाटतं २४ हा विचित्र आकडा आहे, काहीतरी बिघडलेल्या चिप असतील. खरं तर २४ गिगाबिटच्या चिप आल्या आणि २०२३पासून या स्टिक मिळायला लागल्या. त्यात खोट काही नाही. तुझ्या २७च्या कबुलीवर ऐसपैस जागा राहते. मला मान्य.

भाची : तोवर मला कोणीतरी ३२ची एक स्टिक फार स्वस्तात देतोय. सर्व्हरमधून काढलेली.

मामा : लेबलवर आरडीआयएमएम लिहिलंय का बघ.

भाची : आहे.

मामा : सोडून दे. ती रजिस्टर्ड रॅम, सर्व्हरच्याच बोर्डला चालते. डीडीआर५मध्ये तर खाचच वेगळी, बसणारसुद्धा नाही.

भाची : आणि एकच स्टिक घेतली तर? दुकानदार म्हणाला, डीडीआर५ची एक स्टिक आतून ड्युअल चॅनेलच असते.

मामा : अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याने लोक फसतात. डीडीआर५च्या स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन उपमार्ग असतात. पण बेरीज ६४च. डीडीआर४ची स्टिकही ६४च बिटांची होती. दोन स्टिक लावल्या तरच १२८. माझ्याकडे एक मुलगा आला होता, पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. कोणीतरी १६ची एकच स्टिक लावून दिलेली. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळं याच रॅममधून ओढायचं असतं. ती स्टिक काढून ८-८च्या दोन लावल्या आणि त्याचा गेम खेळण्याजोगा झाला. एकूण रॅम तेवढीच.

वेगाच्या प्रश्नाकडे ती दोघं अखेर वळली, आणि मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे.

मामा : तुझ्या ७२००च्या किटवर सीएल, म्हणजे मागणीनंतर थांबायच्या ठोक्यांचा आकडा, किती आहे?

भाची : ३४.

मामा : दोन हजाराला सीएलने गुण आणि वेगाने भाग. नॅनोसेकंद मिळतील.

भाची : ९.४४.

मामा : ६०००, सीएल ३०?

भाची : बरोबर १०.

मामा : आता मागे जा. डीडीआर ४००, सीएल २. डीडीआर२ ८००, सीएल ४. डीडीआर३ १६००, सीएल ८. डीडीआर४ ३२००, सीएल १६.

ती फोनवर आकडे टाकत गेली. दहा, दहा, दहा, दहा. शेवटी तिनेच डीडीआर५ ६४००, सीएल ३२ टाकून पाहिलं. तेही दहा. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, डेटा वाहून नेण्याचा वेग सोळा पट झाला, पण चांगल्या स्टिकला मागितलेला पहिला शब्द शोधून द्यायला लागणारा वेळ होता तिथेच राहिला.

भाची : मग ५६००, सीएल ४६ ही स्वस्त किट १६.४ देते. ती वाईटच की!

मामा : तिथे फरक खरा आहे. म्हणून मी वेग निरर्थक म्हणत नाही. पण १० आणि ९.४४मध्ये तुझ्या कामाला काय मिळणार? उलट ७२००वर तोटा होईल. एएम५वर साधारण ६०००पर्यंत, नशीब असेल तर ६४००पर्यंत, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने धावतो. त्यापुढे गेलीस की तो निम्म्या गतीवर येतो. रॅम वेगवान, आणि तिच्याशी बोलणारा निम्म्यावर. एएमडीनेही ६०००लाच मोक्याची जागा म्हटलंय.

भाची : इंटेलवर तर ७२०० मजेत चालते.

मामा : तिथे कंट्रोलर वेगळा. बोर्ड आणि प्रोसेसर बघूनच रॅम घ्यायची, याचा अर्थ तोच. आणि गेमसाठी एक्स३डी प्रोसेसर घेणाऱ्याला तर वेगासाठी आणखी पैसे मोजायची गरज कमी. ७८००एक्स३डीत ९६ एमबी एल३ कॅशे आहे, बरंच काम रॅमपर्यंत येतच नाही.

भाची : ठीक. ६०००, सीएल ३०, २४-२४. बोर्डच्या कंपनीने तपासलेल्या यादीत आहे का, ते बघून घेते.

मामा : यादी बघ, उंचीही बघ. रंगीत दिव्यांच्या उंच पट्ट्या तुझ्या दोन मनोऱ्यांच्या कूलरखाली अडतील. आणि लावल्यावर बायोसमध्ये एक्स्पो चालू करायला विसरू नकोस. ६०००ची किट घेऊन कित्येक लोक वर्षानुवर्षं ४८००वर चालवतात. पेटीवरचा आकडा आपोआप लागू होत नाही.

भाची : पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहतो म्हणे.

मामा : राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. डीरॅम लिहिलेला छोटा दिवा लागून राहतो. घाबरून बटण दाबशील तर पुन्हा पहिल्यापासून.

मग भावाने तो विषय काढला ज्यावर त्याचा जीव आहे : ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक पकडून दुरुस्त करणारी रॅम. तो समजावू लागला की डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका ट्रान्झिस्टरमागे साठवलेला इवलासा विद्युतभार. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८मध्ये मिळालं आणि आजही तीच रचना आहे. भार सतत गळतो, म्हणून काही मिलीसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो.

मामा : तरीही कधी एखादा बिट उलटतो. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास छापला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलमध्ये निदान एक चूक सापडली. बेल्जियममध्ये २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. दोनचा बारावा घात. एक बिट उलटला असावा, हाच निष्कर्ष निघाला.

भाची : पण डीडीआर५मध्ये ईसीसी असतेच ना, चिपच्या आत?

मामा : ती चिपच्या आतली चूक सुधारते. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंत वाटेत काही बिघडलं तर तिला कळतही नाही, आणि काय सुधारलं ते तुलाही सांगत नाही. खऱ्या ईसीसीसाठी स्टिकवर जादा चिप लागतात. तुझ्या एएम५च्या बऱ्याच बोर्डांवर ती चालते.

भाची : दुकानात ती सहज मिळत नाही, महाग पडते, आणि ६०००ची तर शोधूनही सापडणं कठीण. माझ्या फुटेजमध्ये एखादा ठिपका बदलला तर कोणाला दिसणार?

मामा : ठिपका बदलला तर नाही दिसणार. फाइलच्या मथळ्यातला बिट बदलला तर अख्खी फाइल उघडणार नाही. एका शंभरीच्या शाहिराची मुलाखत पुन्हा घेता येणार आहे का तुला?

भाची : म्हणून तर मी कार्डावरून फुटेज उतरवताना चेकसम जुळवते.

मामा : चेकसम काढणारीही तीच रॅम.

भाची : मी दोन वेगळ्या मशिनवर काढते, मामा. दोन्हीकडे एकच बिट, एकाच जागी उलटेल?

भाऊ यावर गप्प राहिला नाही. रेंडर होताना काय, प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये काय, असे प्रश्न तो विचारत राहिला, आणि तीही मागे हटली नाही. माझा कल भावाकडे आहे. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी जानेवारी २०२१मध्ये घरगुती संगणकांत ईसीसी न रुजल्याबद्दल इंटेलला जाहीर धारेवर धरलं, तो राग मला समजतो. चूक सांगणारी रॅम सगळ्यांकडे असायला हवी होती. पण आजच्या भावात, दोन प्रतींची शिस्त पाळणाऱ्या मुलीला मी जबरदस्तीने ती घ्यायला लावणार नाही. तिने साधी किट घेतली. भावाने एक अट घातली.

मामा : काम सुरू करण्याआधी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालव. एक्स्पो चालू ठेवून.

भाची : किती चुका चालतात?

मामा : एकही नाही.

भाची : आणि एखादी आलीच तर ५६००वर उतरवून वापरते. तेवढ्याने काय बिघडतं?

मामा : पैसे तू ६०००चे दिलेस. एक्स्पो बंद करूनही चूक येते का बघ. आली तर स्टिकच खराब. नाही आली तर बोर्डचा बायोस अद्ययावत करून पुन्हा चाचणी घे. तरीही चूक आली तर किट बदलून आण. आणि दोन्ही स्टिक ने, एकटीच नेऊ नकोस. त्या जोडीने तपासलेल्या असतात, एक बदलून आणलीस तर ती जोडी राहत नाही.